पाण्यातली भाकरी

आमच्या घरात दूध कधी विकत आलं नाही, विकत गेलं. बाबांच्या चार म्हशी आहेत. चामटोलीहून रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन अडकवून ते बदलापूरला जातात आणि मांजर्लीतल्या इमारतींत रतीब घालतात. उरलेलं दूध आमचं. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी मला दुधाचं वावडं निघालं, तेव्हा गावातले लोक आधी हसले. दुसऱ्या कुणाला निघालं असतं तर मीही हसले असते.

मला लिहायची सवय नाही. उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे लिहायचं कारण म्हणजे दवाखान्याच्या बाकावर भेटलेली एक मुलगी. तिलाही दूध बंद झालं होतं. तिने मला विचारलं, "मग तू खातेस काय गं?" मी सांगायला सुरुवात करणार एवढ्यात तिचा नंबर आला. ते उत्तर राहून गेलं. आणि दुसरं कारण आई. आईला वाचता येत नाही. कदाचित म्हणूनच लिहायचा धीर होतोय.

घास

सुरुवातीला घास अडकायचा. घशात नाही, त्याच्या खाली, छातीच्या मधोमध. गिळलेला घास तिथे येऊन थांबायचा आणि बराच वेळ हलायचा नाही. मी उठून उभी राहायचे, पाणी प्यायचे, येरझाऱ्या घालायचे.

आई म्हणायची, "बकाबका खातंस म्हणून. चावून खा." मग पेलाभर दूध पुढे करायची. "हे पी वरून. उतरंल."

आणि तो घास खरंच उतरायचा. म्हणून आणखी एक पेला. ज्याने दुखत होतं तेच मी औषध म्हणून पीत होते, हे कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

डेअरी बंद

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी बाबा सोबत होते. डॉक्टर भराभर बोलत होते, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मला एवढं कळलं की अन्ननलिकेला सूज आहे आणि ती खाण्यातल्या कशाने तरी येते.

"देखो बेटा, डेअरी बंद. टोटल डेअरी बंद. छह हफ्ते बाद आना."

त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. आम्ही बाहेर आलो. आजार निघाला म्हणून मला रडू येत होतं आणि बाबांचा चेहरा मात्र खुलला होता.

"ऐकलंस ना? डेअरी बंद! मी इतकी वर्सं काय बोलतोय?"

आमच्याकडे डेअरी म्हणजे दुकान. पिशवीचं दूध मिळतं ते. मांजर्लीतलं एखादं घर रतीब बंद करून पिशवीवर गेलं की बाबा दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने डॉक्टरांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं, "कॉलेजात डेअरीच्या दुधाचा चहा पिऊन पोरीला बाधलं. डॉक्टर स्वता बोल्ला."

मला शंका आली होती, हे इथे कबूल करते. डॉक्टर दुकानाबद्दल बोलत नसावेत असं वाटलं होतं. पण घरात शिकलेली मीच. न कळलेला शब्द विचारायला परत आत जायचं तर बाबांसमोर माझं शिक्षण उघडं पडेल, असं वाटलं. शिकलेल्या माणसाने विचारायचं नसतं, अशी माझी तेव्हाची समजूत.

मी कॅन्टीनचा चहा बंद केला. घरी आईने दुधाचा पेला मोठा केला.

सिस्टर

पाचव्या आठवड्यात एका रविवारी दुपारी भाकरी आणि सुकटीचा घास अडकला तो अडकलाच. पाणी प्यायले, तर पाणी परत आलं. मग थुंकीसुद्धा उतरेना. बाबांनी मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून आईने धरलं. हॉस्पिटलात दुर्बिणीने घास काढला आणि दोन दिवस ठेवून घेतलं.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सहाला थर्मामीटर, मग लादी पुसणाऱ्या मावशी, मग चहा. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा तिथल्या सिस्टर फाइल भरत होत्या. अंगाने स्थूल, बोलणं कोकणातलं. "घरी काय काय खातेस?" त्यांनी विचारलं.

मी शहाण्या मुलीसारखं सांगितलं, "डेअरीचं काहीच नाही. फक्त घरचं म्हशीचं दूध, दोन वेळा."

त्यांचं पेन थांबलं. "अगो, डेअरी म्हणजेच दूध!"

"कनचं?" बाबांनी विचारलं.

"कुठलंही! गायीचं, म्हशीचं, पिशवीतलं, किटलीतलं." त्या बोटांवर मोजू लागल्या. "दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा. आपण दुभतं म्हणतो ना? ते सगळं." आणि माझ्या हातातला चहाचा कप त्यांनी स्वतः काढून घेतला.

दुभतं. एवढा साधा शब्द, आमच्या गोठ्यातला. पहिल्या दिवशी कुणी तो वापरला असता तर! त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. त्या दोन दिवसांत माझ्याशी माझ्या भाषेत बोललेल्या त्या एकट्याच.

बाबा पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "बाय, मांजर्लीत कोणाकडं बोलू नको."

काय खाते

आता त्या मुलीचं उत्तर.

चहा सगळ्यात कठीण गेला. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून दूध काढलं आणि चहात ओतलं. चहा फाटला. आई बघून म्हणाली, "ह्याला चहा बोलतात, का म्हशीचं आंबोण?" तीन दिवस आम्ही दोघी त्यावर हसत होतो. शेवटी मी गवती चहा आणि आल्याचा कोरा चहा घ्यायला लागले. पहिला आठवडा तो औषधासारखा लागतो. मग बरा लागतो.

दही मात्र जमतं. शेंगदाण्याचं दूध उकळायचं, सतत ढवळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि विरजणाऐवजी त्यात हिरव्या मिरचीची दहा-बारा देठं टाकून उबेला ठेवायचं. पहिलं दही थोडं पातळ लागतं, त्यातलंच चमचाभर पुढच्याला विरजण म्हणून वापरलं की घट्ट होतं. दाण्याचा वास राहतो. काकडी घातली, वरून जिरं-मिरचीची फोडणी दिली की तो वासही चालून जातो.

खरवसावर माझा जीव. म्हैस व्यायली की पहिल्या चिकाचा तुकडा माझा, हा घरातला नियम होता. त्याच्या जागी नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलची आणि चायना ग्रास शिजवून थंड केलं. वड्या पडल्या. खरवस नाही तो. पण खरवसाच्या गावचा पाहुणा आहे. घरात आला तर हाकलून देऊ नये.

बाहेरचं खाताना पुडा उलटा करून वाचायचा. बिस्किटात दूध पावडर असते, पावाला लोणी लावतात, मिठाईबद्दल तर बोलायलाच नको.

आणि भाकरी. तांदळाची भाकरी आमच्याकडे रोजची. पाणी उकळून त्यात पीठ टाकून उकड काढायची, मळायची, थापायची. यात दुधाचा काय संबंध? भाकरी म्हणजे माझी हक्काची जागा होती. त्यात त्या दिवसांत आईची भाकरी फार मऊ होत होती. डब्यात दुपारपर्यंत ठेवली तरी कापसासारखी. मी म्हणायचे, "आये, काय हात आहे तुझा!" आई तव्याकडे बघत राहायची.

खोटी

सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. सहा आठवड्यांत मी एक पेढा खाल्ला नव्हता. चुलतभावाच्या हळदीत सगळे आइसक्रीम खात होते तेव्हा मी गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बसले होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "सेम है. कुछ फरक नहीं."

मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, सच बताओ. छुपके क्या खाती हो?"

"काही नाही, सर."

"कॉलेज में? कॅन्टीन में? चॉकलेट?"

"नाही सर, खरंच."

"देखो, खाया है तो बोल दो. नहीं खाया है, तो मतलब दूध कारण नहीं है. फिर गेहूँ बंद करेंगे, अंडा बंद, मछली बंद. नली और छोटी हुई तो अंदर फुगा डालके चौड़ी करनी पड़ेगी. तुम बोलो, कौनसा सच है?"

मासळी बंद. आम्ही आगरी. मासळी बंद झाली तर घरात माझ्यासाठी उरतं काय? मी सारखी "नाही खाल्लं" एवढंच म्हणत राहिले. बाबा मागे उभे होते, आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "शिकाया पाठवली. खोटं बोलाया शिकून आली."

शरीराने मला फसवलं होतं, ते मी सोसलं होतं. ज्या दुधावर वाढले त्याने फसवलं, तेही. पण आज माझ्या शब्दालाच काही किंमत उरली नव्हती. आई कुशीत घेईल असं वाटलं. ती पुढे चालत राहिली.

कढी

त्या आठवड्यात मी डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. माझी मैत्रीण कशिश हे बघत होती. ती सिंधी, कॅम्प तीनमध्ये राहते. खाली तिच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना, वर घर. एक दिवस तिने मला ओढतच घरी नेलं. मशीनचा आवाज पायाखालून येत होता.

तिच्या आईने ताट वाढलं आणि मी हात मागे घेतला. वाटीत कढी होती.

"आंटी, मला दही चालत नाही."

"दही?" त्या हसल्या. "ये सिंधी कढी है, बच्चे. इसमें दही का क्या काम? बेसन भूनो, इमली डालो, भिंडी, सहजन, बस."

आमच्या घरची ताकाची कढी बंद झाली तेव्हा मी रडले होते. आणि इथे रेल्वेच्या दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर कितीतरी वर्षं लोक ताकाशिवाय कढी करून भुरकत होते आणि मला माहीत नव्हतं! चिंचेची आंबट, गरम, शेवग्याच्या शेंगा घातलेली, बेसनाला भाजल्याचा खमंग वास. मी दोन वाट्या संपवल्या. घास अडकला, पण थोडाच.

कशिशने तोवर माझा डबा उघडून भाकरी तोडली होती. "मम्मी, ये खाके देख. इनकी चावल की रोटी. क्या सॉफ्ट है!"

आंटींनी तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि अगदी सहज म्हणाल्या, "सॉफ्ट तो होगी. दूध में गूँधी है."

खालची मशीन चालूच होती. "पाण्यात असते आंटी," मी म्हणाले.

"नहीं बेटा. हम सफर के लिए ऐसे ही बनाते हैं, दूध डालके. दो दिन नरम रहती है." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ताट बाजूला ठेवलं.

आमच्यात त्याला दशमी म्हणतात. प्रवासाला निघालेल्या माणसाला दुधात भिजवलेल्या दशम्या बांधून देतात. हे मला माहीत होतं. मी दूधवाल्याची मुलगी आहे, नासत आलेलं दूध झाकण न काढता ओळखते. मग सहा आठवडे मला त्या भाकरीत दूध कसं लागलं नाही? तांदळाचं पीठ पांढरं, दूध पांढरं, असं मी स्वतःला सांगते. पण कधी कधी वाटतं, जिभेला कळलं होतं. तिला ते आवडत होतं म्हणून तिने मला सांगितलं नाही.

आई

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला.

"यात दूध आहे?"

तिने नाही म्हटलं नाही. सूप हलवत राहिली.

"कोरडी भाकरी तुला उतरत नव्हती," ती म्हणाली. "पाण्यावर पाणी पीत व्हतीस. एक दिस उकडीत अर्धा पेला दूध घातलं. त्या दिशी दोन भाकऱ्या खाल्ल्यास तू. बोल्लीस, आये, कापूस झालाय."

"मी दूध बंद केलं होतं, आई!"

"पिण्याचं बंद केलंवतंस. उकळलं, मळलं, भाजलं. त्यात दूध राहतंय व्हय? मना वाटलं जळून जातं."

यावर मी कदाचित गप्प बसले असते. तिला माहीत नव्हतं, असं धरलं असतं. डेअरी म्हणजे काय ते मला तरी कुठे माहीत होतं? पण मी विचारलं, "मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का बोलली नाहीस?"

सूप थांबलं.

"तुझा बाप व्हता तिथं."

"म्हणून?"

"तवा कळलं मना. डॉक्टर बोल्ला तवाच समजलं का ते माझ्याच हातचं. पण बाप बोलला आसता, तूच पोरीला मारत व्हतीस. आख्ख्या गावात..." तिने वाक्य सोडून दिलं.

"आणि मी खोटी ठरले ते चाललं?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पोर हायेस. पोरीचा राग जातो."

मी हे वाक्य रागाने लिहीत नाहीये. ती जशी म्हणाली तसं लिहिलंय. त्या दिवसानंतर मी महिनाभर तिच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवला; भाकरी तर त्यानंतरही घेतली नाही. शेगडी एकच, त्यामुळे आम्ही रोज एकमेकींना खेटून उभ्या राहायचो आणि बोलायचो नाही. कदाचित आजारापेक्षा तो महिना जास्त वाईट होता.

बाबांना मीच सांगितलं. आई ज्या शब्दांना इतकी भीत होती, त्यातला एकही त्यांनी काढला नाही. मलाही "चुकलो" म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी रतीब घालून येताना चार नारळ आणले, सोलून ओट्यावर ठेवले, आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले. नंतर कळलं, मांजर्लीत एका बाईंनी पोरीची तब्येत विचारली तेव्हा ते म्हणाले होते, "तिला दूध चालत नाय. कोणाचंच नाय. आमचंबी नाय."

इमान

पुन्हा आठवडे मोजून पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी रिपोर्ट बघून डॉक्टर हसले.

"देखा? सूजन गायब. इस बार ईमानदारी से किया ना?"

गहू वाचला, अंडं वाचलं, मासळी वाचली. फक्त दूध जन्मभराचं गेलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? पण त्या एका शब्दाने माझे कान गरम झाले. पहिल्या वेळीही इमान माझंच होतं. मी आईकडे पाहिलं. डॉक्टर पुढच्या तारखेचं लिहीत होते, वेळ होता. मी वाट पाहिली. आईने फाइल उचलली, कागद सरळ केले, छातीशी धरली.

त्या दिवशी घरी येऊन मी खोलीत पुस्तक घेऊन बसले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली.

"बाय, जरा हिकडं ये."

गॅसवर रिकामा टोप होता. बाजूला पिठाचा डबा, परात. आईच्या हातात पेला होता, काठोकाठ भरलेला. मी दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, पेला तोंडाला लावला आणि अर्धा पिऊन टाकला. तोंड पुसलं नाही. उरलेला अर्धा माझ्यासमोर धरला, आतलं दिसेल असा तिरपा. पाणी होतं. मग ते टोपात ओतलं आणि गॅस पेटवला.

तिने उकड काढली, मळली, थापली. भाकरी कडेला चिरली, तव्यावर कडक झाली. पानात भाकरीसोबत आईने आदल्या दिवशीचं माझं दाण्याचं दही वाढलं. मी तुकडा मोडला आणि चावत राहिले. आई समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत होती.

घास उतरला.

"कडक झाली," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले, आणि दुसरा तुकडा मोडला.

आता रोज असंच चालतं. भाकरी करायच्या आधी ती मला हाक मारते, पेल्यातलं अर्धं पिते, अर्धं ओतते. पुरे झालं असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. एक दिवस सांगेन. पण अजून, हाक आली की मी उठते, दारात जाऊन उभी राहते आणि पेल्यात डोकावून बघते.